सावडीला मालक नसतो

पत्र्याचे ते गाळे बाजारतळाच्या मागच्या अंगाला आहेत. त्यांच्या उद्घाटनाला मंडप घातला होता, फीत कापायला मोठी माणसं आली होती आणि प्रत्येकाच्या भाषणात एक शब्द होताच होता, रोजगारनिर्मिती. गावात उद्योग काढणाऱ्याला गाळा मिळणार, सुरुवातीची काही वर्षं भाडं नाही, पट्टी माफ, थ्री-फेज वीज जोडून. बदल्यात अट एकच, गावातल्या हातांना काम द्यायचं. आज एका गाळ्यात ठेकेदाराचं सिमेंट आहे, एकात कुणाचं तरी सोयाबीन, बाकीच्यांना कुलूप. मी त्या रस्त्याने जाते तेव्हा मला अजून राग येतो. राग थोडा निवू दे, मग लिही, असं मला एकाने सांगितलं होतं. मी थांबून पाहिलं. निवला नाही.

राग करायला मी घरातच शिकले. माझे वडील कोणत्या एका संघटनेचे नव्हते. जिथे अन्याय दिसेल तिथे ते जात आणि गेले की पत्रक काढत. पाण्यासाठी पत्रक, रेशनसाठी पत्रक, बंद पडलेल्या एसटीच्या फेरीसाठी पत्रक. देऊळगाव राजाच्या छापखान्यातून ओल्या शाईचे गठ्ठे घरी यायचे आणि आम्ही भावंडं त्यांच्या घड्या घालायचो. मी वाचायला शिकले ती ‘बंधू-भगिनींनो’पासून. वडिलांचे पत्रकाबाबत दोनच नियम होते. जे वाक्य भर बाजारात उभं राहून मोठ्याने म्हणता येणार नाही ते लिहायचं नाही. आणि खाली आपलं नाव घालायचं. निनावी पत्रक म्हणजे अंधारातून मारलेला दगड, असं ते म्हणत.

पण या सगळ्यात पणाला काही लागलं असेल तर ते माझ्या वहिनीचं. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. दादा चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला आहे. लग्नानंतर वहिनी आमच्याकडे, म्हणजे माझ्या काकूजवळ राहिली, कारण दादा तिकडे कंपनीतल्या चार पोरांबरोबर एका खोलीत राहत होता. ती सोनाळ्याची, पार वऱ्हाडातली. आमचा भाग जालन्याच्या कडेचा, त्यामुळे आमच्या गल्लीतल्या बाया ‘मला-तुला’ म्हणतात आणि ती ‘मले-तुले’ आणि बाई असून ‘मी येतो, मी जातो’ म्हणायची. बाया तिची नक्कल करत. तीही त्यांची करायची, आणि तिची जास्त चांगली व्हायची.

मग दादाने वेगळी खोली पाहिली आणि तिला चल म्हणाला. ती एकदा जाऊन राहून आली. आल्यावर मी विचारलं, कसं आहे. ती म्हणाली, "खोली चांगली हाये ताई. नळ हाये, पंखा हाये. पन दिवसभर कोनी ‘काय करून राह्यली वं’ म्हनून इचारत नाई. मी तिथं काय करू?"

दादा वाईट माणूस नाही. त्याने सरळ सांगितलं की इथे तुझं काही धड उभं राहिलं तर राहा, मीच महिन्या-दोन महिन्यांनी येत जाईन. नाही राहिलं तर दिवाळीनंतर चल. वहिनीला राहायचं होतं. तिच्या राहण्या-जाण्याचा निकाल त्या पत्र्याच्या गाळ्यावर येऊन ठेपला तो असा.

आमच्याकडे उन्हाळ्यात बाया सरगुंडे करतात. गव्हाच्या पिठाची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, अलगद ओढून काढायची आणि बाजेवर वाळवायची. आमरसाबरोबर खातात. हे काम एकटीचं नाही. पीठ भिजवलं की ते थांबत नाही, म्हणून दहा हात लागतात. ते हात सावडीने येतात. सावड म्हणजे आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. पैसा नाही, मोजमाप नाही, पण विसरायचं मात्र नाही. जिच्या घरी सावड असेल तिने चहा आणि दुपारची भाकरी करायची, एवढंच. अक्षय तृतीयेच्या आधी आमच्याकडे सरगुंडे आणि कुरड्या, ईदच्या आधी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या खालाकडे शेवया. खालाचे मालक बाजारात बांगड्यांचं दुकान लावतात. ती हातावरच्या शेवया अशा काढते की दोरा वाटावा. सावडीच्या दिवशी तिच्या घरी माझी काकू हुकूम चालवते आणि काकूच्या अंगणात खाला.

वहिनीने यात एक गोष्ट केली. बालाजीच्या यात्रेला देऊळगाव राजाला गेली असताना तिने तिथल्या एका खाणावळीत आपले सरगुंडे दाखवले. खाणावळवाल्याने जालन्याच्या एका व्यापाऱ्याची गाठ घालून दिली. व्यापाऱ्याने थोडा माल मागवला, मग आणखी मागवला. आता हा माल कुणाचा? काकूच्या अंगणात यावर दुपारभर बोलणं झालं आणि तोडगा निघाला तोही सावडीचाच. एक खेप एका घरची. या खेपेचा गहू खालाचा, राबायला सगळ्या येणार, येईल ते खालाचं. पुढची खेप काकूची, त्याच्या पुढची शेवटच्या घरातल्या सुताराच्या सुनेची. फिरत फिरत पाळी. भांडणाला जागाच नाही. मी पत्रकांतून ‘श्रमिकांची मालकी’ असं इतक्या वेळा वाचलं होतं, पण ती चहा पिता पिता ठरते हे मला ठाऊक नव्हतं.

व्यापारी म्हणाला, वर्षभर माल द्या, मी घेतो. पण पावसाळ्यात वाळवायचं कुठे? अंगणात वाळवलेला माल पुढे मोठ्या दुकानात चालत नाही, त्याला परवाना लागतो, परवान्याला बंदिस्त जागा लागते आणि वाळवणीच्या मशीनला थ्री-फेज वीज. हे सगळं एकाच ठिकाणी होतं, बाजारतळाच्या मागे, शटर लावून पडलेलं.

अर्ज मी भरला. त्यात मालकाचं नाव हवं होतं, ते वहिनीचं घातलं, कारण व्यापाऱ्याचा फोन तिच्याकडे यायचा. बायांना मी सांगितलं की कागदाला एक नाव लागतं म्हणून घातलंय. त्यांनी मान हलवली. कामगारांच्या रकान्यात गल्लीतल्या सगळ्या बायांची नावं गेली. मला वाटलं, गावातल्या इतक्या हातांना काम देणारा अर्ज दुसरा कुणाचा असणार? आम्हाला नाही तर गाळा कुणाला?

तालुक्याच्या कार्यालयातून पाहणीला साहेब आले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. काकूने अंगण सारवून घेतलं होतं. बायांनी लग्नातल्या साड्या नेसल्या होत्या. त्या दिवशी खेप सुताराच्या सुनेची होती, म्हणून काम खरंच चालू होतं, दाखवायला मांडलेलं नव्हतं. साहेब घामाघूम होऊन मोटारसायकलवरून उतरले. काकूने त्यांना आधी हातपाय धुवायला लावले, मग पाट मांडून सरगुंडे आणि रस वाढला. नको नको म्हणत त्यांनी दोनदा घेतलं. हे सगळं फार छान चाललं होतं.

मग त्यांनी मोबाइल काढला. पाहणी आता मोबाइलवर भरायची असते, फोटोत जागेचे आकडे आपोआप येतात. त्यांनी विचारलं, "उद्योगाचे मालक कोण?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. ती तोंड उघडणार तोच काकूने सुताराच्या सुनेकडे बोट केलं. म्हणाली, "या खेपेला ती. मागच्या खेपेला मी होते. पुढच्या खेपेला ह्या समोरच्या."

साहेब हसले. म्हणाले, तसं नाही हो काकू, कंपनी कुणाची ते सांगा. खालाने हात न थांबवता उत्तर दिलं, "कंपनी कायकी साब, सावड है."

साहेबांनी अर्ज काढून वाचला. त्यात मालक म्हणून वहिनी आणि बाकीच्या कामगार. त्यांनी काकूलाच विचारलं, "तुमची सून तुम्हाला रोजची मजुरी किती देते?"

अंगणात सगळ्यांचे हात थांबले. आमच्याकडे मजुरीला वाईट कुणी म्हणत नाही. त्याच बाया निंदायला, वेचणीला रोजाने जातात आणि रोज उजळ माथ्याने मागून घेतात. पण सावडीत मजुरीचं नाव काढणं म्हणजे जेवायला बोलावलेल्या माणसाला ताटाचे पैसे विचारणं. काकूचा चेहरा मी पाहिला आणि मला पुढचं कळून चुकलं.

"साहेब, तुम्ही आमच्या घरी जेवले म्हणून मी राग मानत नाही," काकू म्हणाली. "पण मजुरी घ्यायला ह्या काय माझ्या वावरात आल्या का? हितं कोणी कोणाचं गडी नाही."

एकीमागून एक सगळ्यांनी तेच सांगितलं. आम्ही एकमेकींच्या आहोत. आम्ही रोजदार नाही. सुताराची सून, जिची खेप होती, ती तर लाजून म्हणाली की मी यांना काय देणार, या माझ्यापेक्षा मोठ्या. जितक्या अभिमानाने त्या बोलत होत्या तितका आमचा गाळा दूर जात होता, आणि मला त्यांना गप्प बसवता येत नव्हतं, कारण त्या खरं बोलत होत्या.

मी मध्ये पडले. सहकार, समान वाटा, पाळीने मालकी, जे जे शब्द मला येत होते ते सगळे वापरले. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. मालकाचा रकाना एकाच नावाचा. खाली मजुरीवरच्या कामगारांची संख्या. ती घातल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. ते म्हणाले, "ताई, मला कळतंय. पण हे पुढे जात नाही." मग त्यांनी माझ्यासमोर शून्य दाबलं. पान पुढे गेलं.

काकूने त्यांच्याबरोबर सरगुंड्यांचा एक पुडा बांधून दिला. ते गेल्यावर ती समाधानाने म्हणाली, "माणूस चांगला हाये. पोटभर जेवला." वहिनीला कळलं होतं. ती उठली आणि सगळ्यांसाठी पुन्हा चहा ठेवायला गेली.

त्याच दिवशी त्याच साहेबांनी आणखी एका अर्जाची पाहणी केली होती, हे आम्हाला नंतर समजलं. द्रोण-पत्रावळीच्या मशीनचा अर्ज. अर्जदाराची सोयरीक कुठे आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी इथे लिहीत नाही. त्याने शेजारच्या वस्तीतून बाया टेम्पोत घालून आणल्या होत्या. त्यांतली एक आमच्या गल्लीत दळण घेऊन आली तेव्हा तिने काकूला हसत हसत सांगितलं. म्हणाली, "बसायचा रोज भेटला माय. मशीन बंदच होती, लाइटच नव्हती. सायबानं विचारलं कामावर हाये का, आम्ही म्हटलं हाव."

तिचा मला राग आला नाही. तिला त्या दिवशी रोज मिळाला, सावलीत बसून मिळाला, असा रोज तिच्या वाट्याला किती वेळा येतो? पण मालक एक होता, कामगार भरपूर होते, मजुरी ठरलेली होती, सगळे रकाने भरले. गाळा त्याला मिळाला. काही दिवसांत मशीन ज्या टेम्पोतून आली होती त्याच टेम्पोतून परत गेली. आता तिथे सोयाबीन आहे.

मी तालुक्याच्या कार्यालयात गेले. साहेबांनी ओळखलं, बसा म्हणाले, सरगुंडे घरी सगळ्यांना आवडले असंही सांगितलं. मी विचारलं की ज्यांनी नाटक केलं त्यांना गाळा आणि ज्यांनी खरं सांगितलं त्यांना शून्य, हे कुठलं प्रोत्साहन? ते चिडले नाहीत. म्हणाले, "तुमच्या बायांनी सांगितलं मजुरी नाही. मी लिहिलं मजुरी नाही. मी खोटं लिहिलं का?"

खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. रकानाच असा पाडलेला होता की त्यात फक्त एकाच तऱ्हेचं खरं मावत होतं. ज्या माणसाने तो पाडला त्याने कधी सावडीची भाकरी खाल्ली नसेल, किंवा खाल्ली असेल आणि ऑफिसात जाताना विसरला असेल.

मी रात्रंदिवस पत्रक लिहिण्याच्या विचारात होते आणि शेवटी लिहिलंच. खाली माझं नाव घातलं. बाजाराच्या दिवशी वाटलं, आणि एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, एका ठिकाणी मान डोलावली, आणि म्हणाले की चांगलं लिहिलंय. मग प्रत मला परत दिली. "याच्यावर आवक नंबर पडत नाही. अर्ज द्या."

जाता जाता त्यांनीच वाट सांगितली. कागद नीट करून आणा. हजेरी ठेवा, मजुरी दाखवा, सह्या-अंगठे घ्या. मी पुन्हा पाहणीला येतो. गाळे अजून रिकामे आहेत.

ही वाट मी घरी सांगितली तेव्हा काकूच्या अंगणात जे बोलणं झालं ते कुठल्याही सभेत मी ऐकलेलं नाही. खालाचं म्हणणं सोपं होतं. "कागज पे लिख दे ना बेटी. कागज कू क्या समझता." काकू म्हणाली, कागदाला समजत नसेल, अंगठा लावणारीला समजतं. उद्या गावात होईल की हिने शेजारणींना रोजाने ठेवलं. माझी अडचण वेगळीच होती. बाजारात उभं राहून म्हणता येणार नाही ते मी लिहिणार नव्हते, आणि तसं मी म्हटलं. त्यावर खाला म्हणाली की मग तुझ्या बापाला जाऊन गाळा माग.

वहिनी कुरड्यांचा साचा पुसत बसली होती. तिने तो बाजूला ठेवला.

"खोटं लिहाचं नसन तं खरं करू," ती म्हणाली. "मी होतो मालकीन. रोजच्या रोज खरी मजुरी देतो. मंग लिहा ताई तुमी, आन् बाजारात जाऊन वाचा."

मला वाटलं काकू भडकेल. ती भडकली नाही. तिने फक्त विचारलं की मग मी कोण, मालकिणीची सासू का मालकिणीची रोजदार? कुणी हसलं नाही. सुताराची सून हळूच म्हणाली, मला तर मजुरी बरी पडेल, पाळी येईपर्यंत वाट पाहणं आमच्या घराला झेपत नाही. हे ती इतके दिवस कुणाला बोलली नव्हती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना कळलं की तिचंही खरं आहे.

मग खाला बोलली, वहिनीच्या मांडीवर हात ठेवून. "तू मजुरी देगी, मैं आऊंगी. पर ईद के पहले तू मेरे घर सेवैया करने आयेगी, तो मैं तेरे कू क्या देना?"

तरी वहिनीने ठरवलं तेच केलं, कारण दिवाळी जवळ येत होती आणि तिला राहायचं होतं. व्यापाऱ्याकडून येईल त्यातून ती रोज संध्याकाळी मजुरी देऊ लागली. मी हजेरी मांडली. अंगठे खरे होते, आकडे खरे होते. खोटं काहीच नव्हतं, आणि काही दिवसांतच काहीतरी बिघडलं. बाया वेळेवर येऊ लागल्या आणि वेळ झाली की उठू लागल्या. पीठ भिजलेलं असलं तरी उठू लागल्या. कुणी किती काड्या भरल्या याकडे दुसरी पाहू लागली. पूर्वी काकू कुणालाही ‘तुझे सरगुंडे का उंदराच्या शेपट्या’ म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. आता तीच गंमत वहिनीने केली तर समोरची म्हणाली, मग उद्यापासून नको येऊ का? काकू अंगणात बसायची नाही, आतून पीठ मळून द्यायची. मजुरी तिने कधी घेतली नाही. वहिनी तिच्या नावापुढे मला रोज रिकामी जागा सोडायला लावायची.

दुसरी पाहणी झाली नाही. साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांना भेटायला मी आणि वहिनी दोघी गेलो. त्यांनी मोबाइलमध्ये पाहून सांगितलं की आमच्या अर्जावर निकाल झालेला आहे, रोजगार शून्य, आणि गाळ्यांचं वाटप पूर्ण आहे. वहिनीने हजेरी पुढे केली. ते म्हणाले, छान आहे, पुढच्या योजनेत बघू. मी म्हटलं, गाळ्यांना कुलूप आहे, चला, आत्ता दाखवते. ते म्हणाले की कुलूप असलं तरी ते वाटप झालेलं कुलूप आहे.

एसटीत वहिनी हजेरीची वही मांडीवर घेऊन बसली होती. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "ताई, आपन मजुरी देली नसती तं बरं झालं असतं." मी म्हटलं, तू काय चुकीचं केलंस? ती म्हणाली, "चूक नाई म्हनून राह्यलो. नुसतं सांगून राह्यलो."

पाऊस उघडेना, माल वाळेना, व्यापाऱ्याने दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. दिवाळीला दादा आला. त्याने काही टोचून विचारलं नाही. त्याने फक्त सामान किती आहे ते विचारलं.

जायच्या आधीचे दिवस वहिनीने सावड फेडण्यात घालवले. आमच्याकडे सावड ठेवून कुणी गाव सोडत नाही. मजुरीच्या दिवसांचा हिशेब मिटलेला होता, पण त्याच्या आधीच्या खेपांमध्ये प्रत्येक घर तिच्यासाठी राबलं होतं, ते तिच्या डोक्यावर होतं. तिने कुणाची गोधडी टाचून दिली, कुणाच्या वावरात कापूस वेचला, सुताराच्या सुनेचं घर सारवून दिलं. तिच्याकडून मजुरी घेतलेल्या बायांनीही तिला नाही म्हटलं नाही. त्या दिवसांत अंगणात पुन्हा थोडं बोलणं सुरू झालं, पण त्यात आता कुणी कुणाची नक्कल करत नव्हतं.

खालाचं घर तिने शेवटी ठेवलं होतं. मी तिच्याबरोबर होते. खाला उंबऱ्यातच बसलेली होती आणि तिने वहिनीला आत येऊ दिलं नाही. काम नाही म्हणाली. वहिनीने आत डोकावून पाहिलं तर गव्हाचं पोतं निवडायचं पडलेलं दिसत होतं. तिने ते दाखवलं. खाला म्हणाली, ते माझं मी बघेन.

"मेरी सावड बाकी रहने दे," ती म्हणाली. "फेडने के वास्ते आना पडेगा तेरे कू."

वहिनी चिडली. मी तिला इतकी चिडलेली कधी पाहिली नव्हती, गाळा गेला तेव्हाही नाही. "खाला, असं करू नोका. मले तिकडं झोप नाई येनार."

"मत आने दे," खाला म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

वहिनी आता चाकणला आहे. दादाच्याच ओळखीने एका कंपनीत पॅकिंगला लागली. सकाळी दारात मशीनवर अंगठा लावायचा, संध्याकाळी पुन्हा लावायचा. ठेकेदाराच्या कागदावर तिचं नाव आहे, मालक एक आहे, मजुरी ठरलेली आहे. कुठल्या तरी मोबाइलमध्ये, कुठल्या तरी रकान्यात ती आता एक रोजगार म्हणून मोजली जाते. आमच्या गावात ती सगळ्या गल्लीला काम देत होती तेव्हा ती शून्य होती. हे मी ग्रामसभेत विचारलं. मला सांगण्यात आलं की हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही.

परवा तिचा फोन आला होता. काकूशी बोलली, मग मला दे म्हणाली. इकडचं सगळं विचारलं. खालाने ईदच्या शेवया केल्या का, किती जणी गेल्या होत्या. मी सांगितलं की थोड्याच गेल्या. मागून कुणाच्या तरी घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग म्हणाली, "खालाले सांगजा ताई, आता झोप येते मले."

मी खालाला अजून सांगितलेलं नाही.